फिनान्सिएच्या कृतीत ‘बटर वितळवा’ असे छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत फ्रेंच बेकिंगचे पदार्थ आता वरचेवर येतात. फिनान्सिए हा छोटा, विटेच्या आकाराचा बदामी केकही त्यांत असतो. निवड उत्तम आहे, पण कृती बहुधा अशा धर्तीची असते: बटर वितळवून घ्या, चार अंड्यांचे पांढरे फेसाळेपर्यंत फेटा, अर्धा चमचा बेकिंग पावडर घाला, वर बदाम इसेन्सचे दोन थेंब. या चारपैकी एकही सूचना या केकच्या मूळ कृतीतली नाही. तसे करून केक होतो, खाण्याजोगाही होतो. पण कडेने कुरकुरीत, आत ओलसर आणि भाजलेल्या बटरच्या वासाने भरलेला असा जो फिनान्सिए असतो, तो होत नाही. मग करणाऱ्याला वाटते की आपला हात बसलेला नाही. दोष हाताचा नसतो, छापलेल्या कृतीचा असतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले तरी ते सविस्तर लिहीत आहे.

या केकचे मूळ व्हिजिटेशन पंथाच्या जोगिणींच्या मठांत सांगितले जाते. हा पंथ १६१० साली आजच्या फ्रान्समधल्या आनसी गावी स्थापन झाला आणि लोरेन प्रांतातल्या नान्सी शहरातल्या मठाचे नाव या केकशी विशेष जोडले जाते. तेथे तो लंबगोल किंवा गोल असे आणि त्याला व्हिजिटान्दीन म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या शेअरबाजाराजवळ दुकान असलेल्या लास्न नावाच्या पेस्ट्रीकाराने त्याला सोन्याच्या विटेचा आकार दिला, अशी परंपरा आहे. दलालांना हात न माखता उभ्याउभ्या खाता यावा, हा त्यामागचा हेतू सांगतात. इतिहासाचे एवढे पुरे. कृतीसाठी त्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची: हा पहिल्यापासून उरलेल्या पांढऱ्यांचा केक आहे. त्यात पिवळा बलक नाही आणि मूळ कृतीत फुगवणारी पावडरही नाही.

प्रमाण असे: पिठीसाखर १५० ग्रॅम, सालीशिवायच्या बदामांची बारीक पूड ७५ ग्रॅम, मैदा ५० ग्रॅम, अंड्याचे पांढरे १३० ग्रॅम, बिनमिठाचे बटर १२५ ग्रॅम आणि मीठ १ ते २ ग्रॅम. हवा असल्यास १० ग्रॅम मध. एवढ्यात ८.५ सेंमी लांब आणि ४.५ सेंमी रुंद अशा नेहमीच्या साच्यातले १२ ते १३ केक होतात. ५ सेंमी लांबीच्या छोट्या साच्यात पस्तीसच्या आसपास होतील. फ्रान्समध्ये या कामाला टी ४५ किंवा टी ५५ जातीचे पीठ घेतात. ते पांढरे, बारीक आणि ग्लुटेनने बेताचे असते; ब्रेडसाठीचा ताकदीचा मैदा इथे नको.

आता बटर. या केकची चव मुख्यतः बदामाची असते असा समज आहे, तो खरा नाही. बदामाने केकला अंग येते, ओलावा टिकतो आणि मऊ रवाळपणा येतो. पण तोंडात पहिल्यांदा जी चव जाणवते आणि शेवटपर्यंत राहते, ती भाजलेल्या बटरची. फ्रेंच स्वयंपाकी त्याला बर न्वाझेत म्हणतात, कारण त्याचा रंग आणि वास हेझलनटसारखा असतो. युरोपीय नियमानुसार बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश, जास्तीत जास्त १६ टक्के पाणी आणि जास्तीत जास्त २ टक्के दुधाचे इतर घन घटक असतात. म्हणजे १२५ ग्रॅम बटरमध्ये दुधातली प्रथिने आणि दुग्धशर्करा मिळून फार तर अडीच ग्रॅम. सगळा सुगंध येतो तो या अडीच ग्रॅममधून. पाणी उडून गेले की ही प्रथिने आणि शर्करा गरम स्निग्धांशात एकमेकांशी अभिक्रिया करतात, तपकिरी होतात आणि वासाचे शेकडो घटक तयार होतात. नुसते वितळवलेले बटर त्या तापमानापर्यंत पोचतच नाही. आधीच गाळून घेतलेल्या क्लॅरिफाइड बटरचाही उपयोग नाही, कारण भाजायला त्यात काही उरलेलेच नसते. मार्गारीनचे तर नावही नको.

कढवण्यासाठी आतून फिक्या रंगाचे, जाड बुडाचे पातेले घ्यावे. काळ्या नॉनस्टिक भांड्यात रंग कळत नाही आणि इथे रंगावरच सगळे आहे. बटरचे सारखे तुकडे करून मध्यम आचेवर ठेवा. आधी ते वितळते, मग तडतडायला लागते. हा तडतडाट म्हणजे पाणी उडण्याचा आवाज. फ्रेंच स्वयंपाकी म्हणतात की बटर गाते आहे. तोवर तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही आणि घाई करूनही काही साधत नाही. वर मोठ्या बुडबुड्यांचा पांढरा फेस असतो. हळूहळू आवाज कमी होतो आणि फेस बारीक, दाट होऊन वर येतो. इथून पुढे भांड्यापासून हलायचे नाही. रबरी उलथन्याने तळ आणि कडा सतत खरवडत राहा, कारण बेरी तळाला चिकटली की तेवढीच करपते आणि वरचे बटर फिकेच राहते. फेस बाजूला सारून पाहिले की तळाशी आधी फिकट सोनेरी, मग तांबूस आणि मग तपकिरी कण दिसतात. तापमापक असेल तर १४५ ते १५० अंश सेल्सिअसला थांबा. नसेल तर नाकावर विसंबा: दुधाचा वास जाऊन भाजलेल्या हेझलनटचा वास आला आणि कण पिकल्या तपकिरी रंगाचे झाले की झाले.

आच बंद केल्याने काम संपत नाही. गरम भांड्यात बटर भाजतच राहते आणि अर्ध्या मिनिटात कण काळे पडू शकतात. म्हणून ते लगेच दुसऱ्या गार, कोरड्या भांड्यात ओता, किंवा पातेल्याचा तळ गार पाण्यात टेकवा. पाण्याचा एक थेंबही आत उडता कामा नये. इतक्या गरम बटरमध्ये पाणी पडले की ते उसळून हातावर येते. कण काळे झाले असतील आणि वासाला कडवटपणा आला असेल, तर गाळून उपयोग होत नाही; कडूपणा स्निग्धांशात उतरलेला असतो. ते बटर टाकून पुन्हा करावे. १२५ ग्रॅमचे आता १०० ते १०५ ग्रॅम उरलेले असेल. त्याहून बरेच जास्त भरले तर पाणी पुरते गेलेले नाही असे समजा.

कण गाळून टाकावेत की ठेवावेत, यावर पेस्ट्रीकारांत मतभेद आहेत. काहींना केकचा छेद एकसारखा सोनेरी हवा असतो, म्हणून ते बारीक गाळणीतून बटर गाळतात. माझे मत ठाम आहे: घरी करताना बेरी ठेवावी, तळ खरवडून तीही मिश्रणात घालावी. चवीचा सर्वांत तीव्र भाग तिथेच आहे. ज्यांना ही चव आणखी हवी, त्यांनी फेस बारीक होऊ लागताच बटरमध्ये १० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर भुरभुरावी. भाजायला जास्त घन घटक मिळतात. मात्र पावडर फार झपाट्याने रंगते, तेव्हा आच आधीच कमी केलेली हवी.

मिठाचे बटर वापरले तर चालेल का, असा प्रश्न नेहमी येतो. फ्रान्समध्ये दमी-सेल, म्हणजे हलक्या मिठाच्या, बटरमध्ये अर्धा ते तीन टक्के मीठ असू शकते. इतका फरक असेल तर केकमध्ये मीठ किती पडले ते कळणार कसे? बिनमिठाचे बटर आणि मोजलेले मीठ हाच सोपा मार्ग.

बदामाच्या बाबतीत दोन गोष्टी बिघडतात: पूड जाडसर राहते किंवा तेलकट होते. बदामात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते. मिक्सर सलग फिरवला की पाती तापतात, तेल सुटते आणि पुडीचे गोळे होऊ लागतात. असे बदाम केकमध्ये गेले की तळाशी तेलाचा ओशट थर येतो. उपाय असा की बदाम कृतीतल्या पिठीसाखरेपैकी तेवढ्याच वजनाच्या साखरेबरोबर, थांबत थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके देत दळावेत. साखर सुटलेले तेल शोषते आणि पूड मोकळी राहते. फ्रेंच पेस्ट्रीत बदाम आणि पिठीसाखर समान वजनाने एकत्र दळलेले हे मिश्रण कायमचेच वापरात असते. दळल्यावर चाळा, चाळणीवर उरलेले पुन्हा दळा. साली काढण्यासाठी बदाम गरम पाण्यात घातले असतील, तर ते आधी पूर्ण वाळवा. शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये पसरून ठेवून, पूर्ण गार करून मगच दळा. सालीसकट बदाम वापरले तरी चालते. रंग गडद होतो, बारीक ठिपके दिसतात आणि चव किंचित तुरट पण भरीव येते. विकतची पूड घेतली तर आधी वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या तेलासारखा वास आला की ती खवट झाली आहे, आणि तो वास बेकिंगने जात नाही. उघडलेले पाकीट हवाबंद करून फ्रीझरमध्ये ठेवावे.

पूड आधी भाजावी का? १५० अंशांवर आठ-दहा मिनिटे, मध्ये एकदोनदा हलवून भाजली की बदामाची चव पुढे येते. हे ऐच्छिक आहे. भाजलेले बटर असताना मी अर्धीच पूड भाजायला सांगते, नाहीतर एकाच प्रकारची भाजकी चव सगळीकडे होते. पूड मात्र गार झाल्याशिवाय पांढऱ्यांत घालू नये.

बदाम इसेन्सविषयी मात्र दुमत नसावे. त्याचा जो ओळखीचा वास असतो तो बेन्झाल्डिहाइडचा, म्हणजे कडू बदामाचा. गोड बदामात तो नगण्य असतो. दोन थेंब घातले की मेहनतीने भाजलेल्या बटरचा वास त्याखाली दबून जातो. व्हॅनिला थोडी चालते, इसेन्स नाही.

आता पांढरे. ‘चार अंड्यांचे पांढरे’ हे माप नव्हे. अंड्याच्या आकारानुसार चार पांढऱ्यांचे वजन ११० पासून १५० ग्रॅमपर्यंत काहीही भरते. पांढऱ्यात जवळपास ८८ टक्के पाणी आणि १० ते ११ टक्के प्रथिने असतात, त्यामुळे वीस-पंचवीस ग्रॅम जास्त पडले की केक स्पंजासारखा, दाताला रबरी लागतो. कमी पडले तर घट्ट आणि ओशट होतो. म्हणून काट्यावर मोजा. अर्धा पांढरा घ्यायची वेळ आली तर काट्याने हलके मोडून घ्या, म्हणजे मोजता येतो. आधीचे साठलेले पांढरे इथे उत्तम चालतात. ते फ्रीझरमध्ये ठेवता येतात. आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवले की सकाळी वापरायला तयार. मेरँगच्या (साखर घालून फुलवलेल्या पांढऱ्यांच्या) वेळी बलकाचा कण पडला तर पांढरे फुलणार नाहीत ही धास्ती असते, ती इथे नाही, कारण इथे ते फुलवायचेच नाहीत.

हा मुद्दा जरा स्पष्ट करते, कारण छापील कृतींत चूक सर्वांत जास्त इथेच होते. पांढरे फेटून फेस केला की मिश्रणात हवेचे मोठे बुडबुडे अडकतात. ओव्हनमध्ये ते फुगतात, वरचा भाग वेडावाकडा तडकतो, आणि बाहेर काढल्यावर तो बसतो. आतला भाग कोरडा, भोकाभोकांचा होतो. फिनान्सिएचा छेद दाट आणि बारीक असायला हवा. तो जो थोडा फुगतो तो पांढऱ्यातल्या पाण्याची वाफ होऊन. व्हिजिटान्दीनच्या काही जुन्या कृतींत पांढरे फेटून घालतात, ते खरे आहे. पण तो हलका, वेगळ्या पोताचा केक आहे. दोन्हींची सरमिसळ करू नये.

मिश्रण करताना हातफेटणीऐवजी रबरी उलथने वापरले तर हवा कमी शिरते. पिठीसाखर, बदामपूड, मैदा आणि मीठ एकत्र चाळा. मध्ये खळगा करून खोलीच्या तापमानाचे पांढरे आणि मध घाला आणि कडेकडेने आत ओढत, गुठळ्या मोडेपर्यंत ढवळा. मधामुळे केक दुसऱ्या दिवशीही ओला राहतो; पण त्याने रंग लवकर चढतो, म्हणून १५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. आता बटर. ते साधारण ५० अंशांवर असावे, म्हणजे भांड्याला हात लावला तर चांगले गरम लागेल पण हात काढून घ्यावा लागणार नाही. पांढऱ्यातली प्रथिने साठ अंशांच्या थोडे वर घट्ट व्हायला लागतात. कढईतले उकळते बटर एकदम ओतले तर कडेला शिजलेल्या अंड्याचे पांढरे धागे दिसतील. उलट बटर गार झाले असेल किंवा पांढरे थेट फ्रिजमधले असतील, तर बटरचे कण गोठतात आणि मिश्रण फाटल्यासारखे दिसते. तीन भागांत घाला आणि प्रत्येक भाग पूर्ण मिसळल्यावर पुढचा. बलकात जे लेसिथिन असते ते इथे नाही, त्यामुळे एवढा स्निग्धांश धरून ठेवायचे काम पांढऱ्यातली प्रथिने आणि बारीक पुडी यांनाच करावे लागते. घाई केली की ते सुटते. शेवटी मिश्रण चकचकीत, एकसंध आणि उलथन्यावरून जाड फितीसारखे पडणारे हवे. कडेला तेलाची रेघ दिसली तर मिश्रण गार असल्यास भांडे कोमट पाण्यात धरून ढवळा, आणि तरीही जमेना तर एक चमचा पांढरा घालून सावकाश एकत्र आणा.

मिश्रणावर लागूनच प्लास्टिकचा कागद ठेवून ते फ्रिजमध्ये किमान तासभर, शक्यतो रात्रभर ठेवावे. ही पायरी वगळू नये. या वेळात मैदा आणि बदामपूड पाणी शोषतात, बटर घट्ट होते आणि मिश्रण पायपिंग बॅगमधून नेमके सोडता येते. आणखीही एक फायदा आहे. गार मिश्रण गरम ओव्हनमध्ये गेले की कडा आधी सेट होतात आणि मध्यभाग मागून वर येतो, त्यामुळे वर छानसा उंचवटा येतो. कच्चे पांढरे आहेत, तेव्हा दोन दिवसांच्या पुढे ठेवू नका.

साचा धातूचाच घ्यावा. सिलिकॉनचे साचे सोयीचे आहेत, केक न चिकटता निघतो, पण सिलिकॉन उष्णता सावकाश पोचवते. कडा फिक्या आणि मऊ राहतात, आणि या पदार्थात कडा हाच अर्धा आनंद आहे. सिलिकॉनच असेल तर तो आधीपासून ओव्हनमध्ये तापलेल्या ट्रेवर ठेवा, वेळ तीन-चार मिनिटे वाढवा. धातूच्या साच्याला बटर लावताना वितळलेले लावू नका. ते ओघळून तळाच्या कोपऱ्यांत साचते आणि वरच्या कडा कोरड्या राहतात. मलमाइतके मऊ बटर ब्रशने लावा, साचा दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, पुन्हा एक हात फिरवा. कोपरे विसरू नका, केक तिथेच धरतो. हवे तर वरून मैदा भुरभुरून साचा उलटा करून झटका, पण जास्तीचा मैदा राहिला तर केकवर पांढरी पुटे दिसतात.

मोठ्या साच्यात ३८ ते ४० ग्रॅम मिश्रण, म्हणजे पाऊण उंचीपर्यंत. विटेचा साचा नसेल तर मिनी मफिनचा ट्रे चालतो. मोठ्या मफिनच्या ट्रेमध्ये करायचे झाल्यास मिश्रण दीड सेंमीपेक्षा उंच भरू नका. जास्त जाड झाले की आतून शिजेपर्यंत कडा वाळतात. ऑस्ट्रेलियात याच मिश्रणाचे लंबगोल, जाडसर केक फ्रियांड नावाने होतात, त्यांची वेळ आणि तापमान वेगळे असते. म्हणून परदेशी कृतीतली वेळ इथे जशीच्या तशी उचलू नये.

ओव्हन २१० अंशांना किमान वीस मिनिटे तापवा. पंख्याचा ओव्हन असेल तर सगळी तापमाने २० अंशांनी कमी धरा. मोठे केक २१० वर ५ मिनिटे, मग दार न उघडता १८० करून आणखी ७ ते ९ मिनिटे. सुरुवातीच्या तीव्र उष्णतेत कडा बांधल्या जातात, पुढच्या मध्यम उष्णतेत आतला भाग शिजतो. छोटे केक २०० अंशांवर एकूण ८ ते १० मिनिटांत होतात. काडी घालून पाहणे इथे फसवे आहे. काडी लवकर कोरडी निघते आणि केक फिकाच असताना काढला जातो. कडांचा रंग पाहा. त्या गडद तपकिरी हव्यात, मध्यभाग सोनेरी, आणि बोटाने दाबले तर परत वर येणारा. शंका असेल तर एक केक उपडा करून तळ पाहा. तळ फिका असेल तर सगळे परत आत ठेवा. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते, तिथे ट्रे एक पायरी खाली ठेवणे बरे. ओव्हनच्या चकतीवरचा आकडा आणि आतले तापमान यांत वीस-तीस अंशांचा फरक असणे अगदी सामान्य आहे; आत ठेवायचा छोटा तापमापक घ्यावा.

बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा आणि लगेच साच्यातून काढून जाळीवर ठेवा. साच्यात गार होऊ दिले तर कडेची साखर कडक होऊन धातूला धरते आणि आत कोंडलेल्या वाफेने तळ ओला होतो. पत्र्याचे साचे घासणीने घासू नयेत. गरम असतानाच कोरड्या कपड्याने पुसा, धुतलेच तर बंद केलेल्या कोमट ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर कोपऱ्यांत गंज चढतो.

ही सगळी काळजी घेऊनही काही बिघडले, तर कारण बहुतेक वेळा पुढीलपैकी असते. मध्यभाग बसला: पांढरे फेटले गेले, किंवा दार लवकर उघडले. तळ ओशट: बटर सुटले, बदामाचे तेल निघाले, किंवा ओव्हन पुरेसा तापलेला नव्हता आणि मिश्रण सेट होण्याआधीच बटर वितळून खाली गेले. रबरी पोत: पांढरे जास्त, किंवा मैदा पडल्यावर फार ढवळले. चव सपाट: बटर फिके असतानाच उतरवले. हे शेवटचे सर्वांत जास्त घडते, कारण करपेल या भीतीने लोक सोनेरी रंगाला थांबतात. एकदा मुद्दाम पुढे जाऊन, तपकिरी आणि काळा यांमधली सीमा डोळ्यांनी पाहून घ्यावी. त्यात थोडेसे बटर वाया जाईल, पण ते वाया गेले असे मी म्हणणार नाही.

मैदा नको असेल तर त्याऐवजी ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची बारीक पिठी चालते. केक किंचित ठिसूळ होतो. बदामांऐवजी सगळे हेझलनट घेता येतात. पिस्ते घ्यायचे तर एकतृतीयांश बदामांच्या जागी घ्या, कारण सगळेच पिस्ते घातले की भाजलेल्या बटरला वाव उरत नाही. कोको हवा तर १५ ग्रॅम मैदा कमी करून तेवढाच कोको घाला. रास्पबेरी घालायची तर एका केकला एकच, साचा भरल्यावर वरून हलकी दाबून. गोठवलेली असेल तर न वितळवता. दोन-तीन घातल्या की रस सुटून आतला भाग लगदा होतो.

ताज्या केकचा कुरकुरीतपणा काही तासच टिकतो. डब्यात ठेवला की आतला ओलावा कडांकडे येतो आणि त्या मऊ पडतात. दुसऱ्या दिवशी बदामाची चव मात्र अधिक मुरलेली असते. हवाबंद डब्यात तीन दिवस चांगले राहतात, आणि १६० अंशांवर चार-पाच मिनिटे गरम केले की कडा पुन्हा बऱ्यापैकी कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्ह वापरू नका, त्यात तेच केक चिवट होतात.

संपादक महोदय, या पदार्थाची कृती पुढे कधी छापाल तेव्हा चार गोष्टी कराव्यात, ही विनंती. मापे वाटी-चमच्यांत न देता ग्रॅममध्ये द्यावीत. निदान पांढरे आणि बदामपूड तरी, कारण सैल भरलेली आणि दाबून भरलेली बदामपूड यांत एका वाटीमागे सहज पाचव्या हिश्शाचा फरक पडतो. साच्याचे माप आणि प्रत्येकात भरायचे वजन लिहावे, त्याशिवाय बेकिंगच्या वेळेला काही अर्थ नाही. छायाचित्रासाठी एकच चौकट मिळणार असेल, तर सजवलेल्या बशीऐवजी पातेल्यातल्या बटरच्या तीन अवस्था दाखवाव्यात: पांढरा फेस, सोनेरी कण, तपकिरी कण. शिंपल्याच्या आकाराचा मादलेन फिनान्सिए म्हणून छापला जाऊ नये. तो अख्ख्या अंड्यांचा, बेकिंग पावडर घातलेला, कॉमेर्सी गावाचा वेगळा केक आहे.

आणि कृतीच्या शेवटी एक ओळ ॲलर्जीची असावी. युरोपीय महासंघात ज्या चौदा घटकांची माहिती ग्राहकाला देणे बंधनकारक आहे, त्यांतले चार या छोट्या केकमध्ये आहेत: बदाम, अंडे, दूध आणि गहू. बदाम पुडीच्या रूपात असल्यामुळे दिसत नाहीत, आणि भाजलेल्या बटरच्या वासात ओळखूही येत नाहीत. पाहुण्यांपुढे बशी ठेवण्याआधी ते विचारले गेले पाहिजे.

कळावे,
आपली,
घरगुती बेकिंगचे वर्ग घेणारी एक वाचक